शब्दाचे मूळ म्हणजे शब्दाची व्याख्या नव्हे

१/ वैद्यकाच्या इतिहासावरील चर्चांत एक युक्तिवाद वारंवार भेटतो. सुश्रुतसंहितेत 'रोहिणी' आणि 'नीला' हे शब्द आहेत. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकातही 'रोहिणी' आणि 'नीला' आहेत. म्हणून रक्ताभिसरणाचे आजचे ज्ञान सुश्रुताला होते! या तिसऱ्या वाक्यापर्यंत पोहोचण्याची घाई इतकी असते की मधला प्रश्न विचारायचा राहून जातो: दोन्हीकडे त्या शब्दांची व्याख्या एकच आहे काय?

२/ हा धागा त्या मधल्या प्रश्नासाठी आहे. शब्दाचे मूळ त्याचे कूळ सांगते. त्याचा अर्थ मात्र तो ज्या काळात आणि ज्या शास्त्रात वापरला गेला, तेथील व्याख्येवरून ठरतो. केवळ मूळ पाहून अर्थ ठरवला की इतिहासाचे नुकसान होते. काही प्रसंगी ते माणसांच्याही जिवावर बेतले आहे.

३/ आधी सुश्रुत. संहितेच्या शारीरस्थानात शरीरातील शिरांची संख्या ७०० सांगितली आहे आणि त्यांचे मूळ नाभी मानले आहे. त्यांचे चार वर्ग आहेत आणि प्रत्येक वर्गात १७५ शिरा आहेत. वात वाहणाऱ्या त्या अरुण, पित्त वाहणाऱ्या त्या नीला, कफ वाहणाऱ्या त्या गौरी आणि रक्त वाहणाऱ्या त्या रोहिणी. म्हणजे तेथे 'नीला' हा शब्द पित्ताशी जोडलेला आहे, आणि रोहिणी-नीला ही जोडी नसून चौघींपैकी दोघी आहेत.

४/ आता शाळेचे पुस्तक. हृदयाकडून रक्त दूर नेते ती रोहिणी आणि हृदयाकडे रक्त परत आणते ती नीला. ही व्याख्या दिशेवर उभी आहे. वाहिनीत कसले रक्त आहे, त्याचा रंग कोणता, याला तिच्यात स्थान नाही. हृदयापासून फुप्फुसाकडे जाणारी वाहिनी ऑक्सिजन कमी असलेले काळपट रक्त नेते, तरीही ती रोहिणीच. फुप्फुसाकडून तांबडेभडक रक्त आणणारी ती नीला. 'रोहित' म्हणजे तांबडे एवढ्यावर विसंबणारा विद्यार्थी येथेच गुण गमावतो.

५/ मग हे शब्द पाठ्यपुस्तकात आले कोठून? आधुनिक शास्त्र मराठीत आणताना परिभाषाकारांनी जुन्या ग्रंथांतील शब्द उचलले आणि त्यांना नवे काम दिले. यात लबाडी काहीच नाही. परिभाषा अशीच घडते. परंतु शब्द सुश्रुताच्या परंपरेचा आणि व्याख्या विल्यम हार्वीच्या परंपरेची, ज्याचा रक्ताभिसरणावरील ग्रंथ १६२८ साली प्रसिद्ध झाला, हा हिशेब स्पष्ट ठेवला पाहिजे.

६/ यात सुश्रुताचा कमीपणा नाही. त्याचा प्रश्नच निराळा होता: कोणता दोष कोणत्या मार्गाने वाहतो आणि शिरावेध करताना कोणती शिर टाळावी? त्या प्रश्नाच्या चौकटीत त्याचे वर्गीकरण सुसंगत आहे. त्याला हार्वीच्या परीक्षेला बसवून उत्तीर्ण करणे हा त्याचा गौरव ठरत नाही. त्याने विचारलेला प्रश्नच त्यामुळे पुसला जातो.

७/ 'धमनी' या शब्दाची कथा अधिक बोलकी आहे. चरकसंहितेत तिची व्युत्पत्ती दिलेली आहे. मूळ धातू फुंकण्याचा, फुंकून भरण्याचा. सुश्रुताने धमन्या २४ सांगितल्या, त्याही नाभीतून निघणाऱ्या. वर जाणाऱ्या धमन्या शब्द, स्पर्श, रूप, रस, गंध आणि श्वास यांचे वहन करतात, असे तेथे म्हटले आहे. आजच्या मराठीत मात्र 'धमनी' हा 'रोहिणी'चा पर्याय आहे आणि तिचे काम रक्त नेणे एवढेच.

८/ नेमकी अशीच गोष्ट हजारो मैलांवर ग्रीसमध्ये घडली. इंग्रजीतील 'आर्टरी' हा शब्द ग्रीक 'आर्टेरिया'वरून आला. हा शब्द आरंभी श्वासनलिकेसाठी वापरला जाई आणि प्राचीनांनी त्याचा संबंध हवेशी लावला होता. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातला प्रॅक्सागोरस आणि तिसऱ्या शतकातला इरॅसिस्ट्रेटस या दोघांचे मत असे की धमन्यांतून रक्त वाहत नाही, तर 'न्यूमा' म्हणजे प्राणरूप वायू वाहतो.

९/ हे मत वेडगळ नव्हते. मृत्यूनंतर रक्त बहुतांशी शिरांत साठते आणि धमन्या जवळजवळ रिकाम्या आढळतात. मृतदेह उघडून पाहणाऱ्याला त्या हवेच्या नळ्याच वाटणार. मग जखम झाली की धमनीतून रक्त का उडते? इरॅसिस्ट्रेटसचे उत्तर तयार होते: वायू निसटतो आणि त्याची जागा घेण्यासाठी शिरांतले रक्त धावून येते.

१०/ दुसऱ्या शतकात गेलनने याची कसोटी घेतली. जिवंत प्राण्याची धमनी दोन ठिकाणी दोऱ्याने बांधली आणि मधला भाग कापला. बाहेरून रक्त धावून येण्याची वाट बंद होती, तरीही आत रक्तच मिळाले. हवेची कल्पना संपली, पण शब्द राहिला. आज कोणताही डॉक्टर त्या शब्दाच्या मुळावर विश्वास ठेवून धमनीत हवा शोधत नाही.

११/ समान मुळांचे शब्द एकमेकांपासून किती दूर जाऊ शकतात, हे याच कुळात दिसते. कूर्चेच्या कड्यांमुळे ग्रीक वैद्य श्वासनलिकेला 'खडबडीत आर्टेरिया' म्हणत. पुढे नाम गळाले आणि विशेषण उरले. 'ट्रॅकिया' या शब्दाचा मूळ अर्थ केवळ 'खडबडीत'. पापणीच्या आतील बाजूस खरखरीत कण उठणारा नेत्ररोग म्हणजे 'ट्रॅकोमा', आपल्याकडच्या खुपऱ्या. मूळ तेच. पण घशातली नळी आणि डोळ्याचा संसर्ग यांचा नातेसंबंध एका विशेषणापुरताच आहे.

१२/ दुसरे उदाहरण. ग्रीक 'काँड्रॉस' म्हणजे दाणा, आणि कूर्चाही. बरगड्यांच्या कूर्चेखालचा उदरभाग म्हणजे 'हायपोकाँड्रिया'. खिन्नतेचे आणि काल्पनिक दुखण्यांचे मूळ तेथे असते, अशी जुनी समजूत होती. म्हणून आजाराच्या अवास्तव भीतीला तेच नाव मिळाले. पेशीतील ऊर्जा निर्माण करणाऱ्या घटकाला 'मायटोकाँड्रिया' हे नाव १८९८ साली मिळाले, ते सूक्ष्मदर्शकाखाली धागा आणि दाणा दिसला म्हणून. दोघांत 'काँड्र' आहे. पण एक मनाची अवस्था आहे, दुसरे पेशीचे अंग.

१३/ तर मग मूळ सांगते तरी काय? नाव ठेवणाऱ्याने त्या दिवशी काय पाहिले आणि काय मानले, ते. म्हणून इतिहासकाराच्या दृष्टीने मूळ ही तारीख घातलेली साक्ष असते. साक्ष मोलाची असते, मात्र साक्षीदार चुकलेलाही असू शकतो. ऑक्सिजनचे नाव हे याचे ठळक उदाहरण.

१४/ अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लाव्हाझिएने हे नाव घडवले. त्याचा अर्थ 'आम्ल निर्माण करणारा', कारण प्रत्येक आम्लात हा वायू असतोच असे त्याचे मत होते. १८१० साली हम्फ्री डेव्हीने क्लोरिन हे मूलद्रव्य असल्याचे प्रतिपादन केले आणि हायड्रोक्लोरिक आम्ल केवळ हायड्रोजन व क्लोरिन यांचे बनलेले आहे हे मान्य होत गेले. माणसाच्या जठरात स्रवणाऱ्या त्या आम्लात ऑक्सिजन नाही. नाव ज्या सिद्धांतावर उभे होते तो कोसळला, आणि नाव मात्र जगभर टिकले.

१५/ मराठीने त्याला 'प्राणवायू' म्हटले. करोनाकाळात २०२१ साली 'प्राणवायूचा तुटवडा' हे शब्द प्रत्येक घरात पोहोचले. पण आयुर्वेदातील 'प्राणवायू' हा शरीरातील वाताच्या पाच प्रकारांपैकी एक आहे. उदान, समान, व्यान, अपान हे त्याचे सोबती. श्वास घेणे, अन्न गिळणे, शिंकणे, थुंकणे ही त्याची कामे. वातावरणाच्या सुमारे २१ टक्के भागाशी त्याचा संबंध नाही. जुन्या पोथीत 'प्राणवायू' दिसला म्हणजे तेथे ऑक्सिजन सापडला, असे म्हणता येत नाही.

१६/ 'अणू'चेही असेच. वैशेषिक दर्शनात परमाणू अविभाज्य आणि नित्य आहे. दोन परमाणूंचे द्व्यणुक, तीन द्व्यणुकांचे त्र्यणुक, आणि ते कवडशात तरंगणाऱ्या धूलिकणाएवढे. पृथ्वी, जल, तेज, वायू असे परमाणूंचे चार प्रकार. ग्रीक 'अ‍ॅटोमॉस'चा अर्थही 'न कापता येणारा'. जॉन डाल्टनने १८०८ च्या ग्रंथात हा शब्द उचलला, पण त्याची खरी भर वेगळीच होती: प्रत्येक मूलद्रव्याच्या अणूला त्याचे स्वतःचे वजन असते. येथपासून अणू हा तराजूचा विषय झाला.

१७/ पुढे १८९७ साली थॉमसनने इलेक्ट्रॉन दाखवला आणि १९३८ साली जर्मनीत युरेनियमच्या केंद्रकाचे विभाजन घडले. 'न कापता येणारा' कापला गेला. तरीही कोणी नाव बदलले नाही, कारण तोवर शास्त्रज्ञ मुळावर नव्हे, व्याख्येवर चालत होते.

१८/ या शब्दकुळाचा फटका मराठी विद्यार्थ्याला आजही बसतो. मराठीत 'अ‍ॅटम' म्हणजे अणू आणि 'मॉलिक्यूल' म्हणजे रेणू. हिंदीत 'अ‍ॅटम' म्हणजे परमाणु आणि 'मॉलिक्यूल' म्हणजे अणु. दोन्ही शब्द एकाच संस्कृत भांडारातले. पण मराठी माध्यमातून शिकलेला मुलगा स्पर्धा परीक्षेसाठी हिंदी पुस्तक उघडतो, तेव्हा ओळखीचा 'अणु' त्याला चुकीच्या उत्तराकडे नेतो. शब्द ओळखीचा असला म्हणून व्याख्या ओळखीची असते असे नाही.

१९/ येथवर किंमत गुणांची किंवा फार तर अभिमानाची होती. 'हिस्टेरिया'च्या बाबतीत ती स्त्रियांनी मोजली. ग्रीक 'हिस्टेरा' म्हणजे गर्भाशय. हिप्पोक्रेटीसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रंथांत, गर्भाशय जागा सोडून सरकते आणि त्यामुळे स्त्रीचा श्वास कोंडतो, असे वर्णन आहे. प्लेटोच्या 'टिमिअस' या संवादात तर ते शरीरात भटकणाऱ्या प्राण्यासारखे मानले आहे.

२०/ उपचारही त्यावरूनच ठरले. नाकाशी दुर्गंधी पदार्थ धरावेत आणि खालून सुगंधी धूर द्यावा, म्हणजे गर्भाशय सुवासाकडे परत येईल. विवाह आणि गर्भधारणा हेही औषध म्हणून सांगितले जाई. झटके, श्वास अडकणे, वाचा बसणे, दुःखाने खचून जाणे अशा कितीतरी निरनिराळ्या तक्रारी एकाच शब्दाखाली गोळा झाल्या. शब्दाने अवयवाकडे बोट दाखवले होते, मग दुसरीकडे पाहायचे कशाला?

२१/ सतराव्या शतकात इंग्लंडमधील थॉमस विलिसने या विकाराचे मूळ मेंदूत आणि मज्जासंस्थेत असल्याचे मांडले. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात शार्कोने पुरुषांतील हिस्टेरियाची प्रकरणे तपशिलाने नोंदवली. त्याच्याकडून शिकून आलेल्या तरुण फ्रॉइडने १८८६ साली व्हिएन्नाच्या डॉक्टरांपुढे हाच विषय मांडला.

२२/ फ्रॉइडने पुढे सांगितलेल्या आठवणीनुसार, एका वृद्ध शल्यचिकित्सकाने हरकत घेतली ती व्याकरणाची होती: शब्दाचा अर्थच गर्भाशय, मग पुरुषाला हा आजार होईल कसा? समोर मांडलेल्या रुग्णापेक्षा शब्दाचे मूळ अधिक विश्वासार्ह ठरले. मुळालाच व्याख्या मानण्याचा याहून नेमका दाखला शोधूनही सापडायचा नाही.

२३/ अमेरिकन मनोविकार संघटनेने १९८० च्या निदानपुस्तिकेतून 'हिस्टेरिया' हे निदान वगळले आणि त्या गाठोड्यातील तक्रारी वेगवेगळ्या विकारांत वाटल्या. त्याच मुळाचा 'हिस्टेरेक्टॉमी' हा शब्द मात्र निर्धास्त वापरात आहे, कारण तेथे खरोखरच गर्भाशय काढले जाते. खेड्यापाड्यांत त्यालाच 'पिशवी काढणे' म्हणतात. मूळ एकच. एक शब्द खरा निघाला, दुसऱ्याने शतकानुशतके दिशाभूल केली. कोणता खरा, हे मुळाकडे कितीही निरखून पाहिले तरी कळत नाही. त्यासाठी रुग्ण पाहावा लागतो.

२४/ मुळाशी प्रामाणिक राहूनही व्याख्या जाणीवपूर्वक कशी वाढवावी, याचा उत्तम नमुना म्हणजे 'व्हॅक्सिन'. लॅटिन 'व्हॅका' म्हणजे गाय. एडवर्ड जेन्नरने १७९८ साली गायीच्या देवीपासून घेतलेल्या द्रवाने माणसाचे देवीपासून रक्षण होते हे प्रसिद्ध केले. १८८१ साली लुई पाश्चरने सुचवले की, जेन्नरच्या सन्मानार्थ हा शब्द सर्वच प्रतिबंधक टोचण्यांना लावावा. गाय मागे राहिली आणि आदर पुढे आला. येथे कोणाचाही गैरसमज झाला नाही, कारण नवी व्याख्या उघडपणे सांगितली गेली होती.

२५/ मुंबईत ही टोचणी १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला दिली गेली. भारतातील ही पहिली देवीची लस. मराठीने गायीचा उल्लेख न करता 'लस' हा शब्द घेतला. लस म्हणजे जखमेतून, फोडातून पाझरणारा द्रव. त्या काळी एका मुलाच्या फोडातील द्रव दुसऱ्याला टोचत, तेव्हा तो शब्द अक्षरशः खरा होता. १८९७ साली हाफकिनने मुंबईतच प्लेगची लस स्वतःला टोचून घेतली, ती मारलेल्या जिवाणूंची होती. तिच्यात ना गाय होती, ना फोडातली लस. तरीही ती व्हॅक्सिन होती आणि लसही होती.

२६/ येथे एक रास्त आक्षेप येतो. वैद्यकाचे विद्यार्थी मुळे आणि प्रत्यय पाठ करूनच शब्द शिकतात. मग मुळे निरुपयोगी कशी? ती निरुपयोगी मुळीच नाहीत. 'आयटिस' म्हणजे दाह, 'हायपर' म्हणजे अधिक आणि 'हायपो' म्हणजे कमी किंवा खाली, एवढे ठाऊक असले की शेकडो शब्द उलगडतात. तेथे व्यवस्था चालते, कारण आधुनिक काळात त्या प्रत्ययांचे अर्थ एकमताने बांधून घेतले गेले.

२७/ पण त्या व्यवस्थेलाही कडा आहेत. 'ओमा' म्हणजे गाठ असे शिकवतात, आणि 'लायपोमा' ही चरबीची गाठ आहेच. मात्र 'हेमॅटोमा' म्हणजे साकळलेले रक्त, 'ग्लॉकोमा' म्हणजे काचबिंदू आणि 'ट्रॅकोमा' म्हणजे खुपऱ्या. यांत अर्बुद कोठेच नाही. तेव्हा मुळाने अंदाज बांधावा आणि व्याख्येने तो तपासावा, हा क्रम उलटू नये.

२८/ नावांचा भार किती असतो, हे जागतिक आरोग्य संघटनेनेही ओळखले आहे. नव्या रोगांना स्थळाचे, व्यक्तीचे, समाजाचे किंवा प्राण्याचे नाव देऊ नये, अशी सूचना तिने मे २०१५ मध्ये केली. नोव्हेंबर २०२२ मध्ये 'मंकीपॉक्स'ऐवजी 'एमपॉक्स' हे नाव सुचवले गेले. नावातले मूळ लोकांच्या वागण्याला दिशा देते, हे 'हिस्टेरिया'ने दोन हजार वर्षांत शिकवले होते. नियम व्हायला एकविसावे शतक उजाडावे लागले.

२९/ इतिहासाची ओढ असलेल्या तरुण वाचकाने जुन्या ग्रंथात ओळखीचा शास्त्रीय शब्द पाहिला की आधी त्याच ग्रंथात त्याचा अर्थ शोधावा. मग आजची व्याख्या कोणी आणि केव्हा दिली ते पाहावे. या दोन नोंदी शेजारी ठेवल्या की बहुतेक गाजावाजा आपोआप शमतो. उरते ते अधिक रंजक असते: एकच शब्द दोन काळांत दोन निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे कशी देत होता, याची गोष्ट.

३०/ म्हणून पहिल्या युक्तिवादाला उत्तर असे. होय, 'रोहिणी' आणि 'नीला' सुश्रुतसंहितेत आहेत. तेथे त्या रक्त आणि पित्त वाहतात, नाभीतून निघतात आणि त्यांच्या सोबत अरुण व गौरीही आहेत. पाठ्यपुस्तकाने दोघींना घेतले, दोघींना मागे ठेवले आणि हृदयाकडून व हृदयाकडे अशी नवी कामे दिली. मागे राहिलेल्या त्या दोघींविषयी जो विचारतो, त्याने इतिहास वाचायला सुरुवात केली असे म्हणावे. (समाप्त)